आई आता ‘कधी येणार’ विचारत नाही

सिडनी,
२३ ऑगस्ट

ती. दादा आणि ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुमचा मंगळवारचा मोठा मेसेज मी चार वेळा वाचला. फोनच करणार होते, पण फोनवर आई शेजारी बसलेली असते आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचं माझ्या जिवावर येतं. सांगायचंय तेही लांबलचक आहे. म्हणून रात्रपाळी करून आले, अंघोळ केली आणि न झोपता लिहायला बसले. दोघांनी एकत्र बसून वाचा. सोनूलाही द्या, तिचा हक्क जास्त आहे.

तुम्ही लिहिलंत की रुखवताचं विचारलं तर आईनं धडाधड सगळं सांगितलं. कुरडया किती, सांडगे किती, साखरेची भांडी कोण करतं, सीमांतपूजनाला काय लागतं, सूनमुख कधी बघतात, एक गोष्ट चुकली नाही. आणि लगेच तुम्ही विचारलंत, ‘आई, सोनूच्या लग्नात तुम्ही कोणती साडी नेसणार?’ तर एकदम गप्प. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली, मग जरासं हसून ‘बघू, तुम्हीच ठरवा’ म्हणाली आणि पुन्हा वाती वळायला लागली. त्यावर दादा म्हणाला, ‘एवढं सगळं आठवतं, मग हेच कसं सुचत नाही? तिचं मनच नाही या लग्नात.’ सोनूनं मुलगा स्वतः बघितला म्हणून आजी नाराज आहे, असं घरात ठरलं आणि पोरगी रात्रभर रडली.

दादा, तसं नाहीये रे, हे तिच्या विसरण्याच्या आजाराचं, अल्झायमरचं आहे. हे नीट समजावं म्हणूनच हे पत्र. माझं ऐकून घे.

तुला आपला जुना वाडा उतरवला ते आठवतंय ना? तू दहावीत होतास. अण्णांनी एकेक तुळई, एकेक खांब, चौकटी, कड्या-कोयंडे मोजून अंगणात रचून ठेवले होते आणि नव्या घराचं माळवद, जिना, देवघराचं दार सगळं त्यातूनच उभं राहिलं. आज तू ज्या दारातून देवाला नमस्कार करतोस ते पणजोबांच्या माजघराचं दार आहे. आपलं डोकंही असंच काम करतं. कालची आठवण आपण कपाटातून फोटो काढावा तशी काढत नाही. आठवायचं म्हटलं की डोकं दर वेळी ती नव्यानं जुळवतं. कोण होतं, कुठे होतो, उजेड कसा होता, वास कसला होता, हे सुटे सुटे भाग गोळा करून एक चित्र उभं करतं. आणि उद्याचं चित्र? त्यासाठी वेगळं सामान नसतं. याच तुळया, याच चौकटी. सोनूचं लग्न तुझ्या डोळ्यांपुढे येतं, कारण तू पन्नास लग्नांना गेलेला आहेस. मांडव, हॉल, अक्षता, सोनू लहानपणी साडी गुंडाळून फिरायची ते, सगळं तुझ्या डोक्यात सुटं पडलेलं आहे आणि त्यातून तू डिसेंबरातलं लग्न उभं करतोस. आईच्या अंगणातलं लाकूडच वाहून गेलंय. तिनं काल कशातून उभा करायचा, आणि उद्या तरी कशातून?

हे माझं मनचं नाही. टोरांटोमध्ये एक माणूस होता, संशोधनात त्याला के. सी. म्हणतात. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर मार बसला. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत. बुद्धिबळ खेळायचा, गाडीचं चाक कसं बदलायचं ते पायरी-पायरीनं सांगायचा. आपला भाऊ वारला हे त्याला ठाऊक होतं, पण ती बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो, काय वाटलं, यातलं काही आठवायचं नाही. स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला पुन्हा जगल्यासारखा आठवत नसे. एंडेल टल्व्हिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी त्याला विचारलं, उद्या तुम्ही काय करणार आहात? तो पंधरा सेकंद गप्प राहिला. मग जरासा हसला आणि म्हणाला, माहीत नाही. प्रश्न लक्षात आहे का, विचारलं, तर हो, लक्षात होता. मग विचारलं, विचार करताना मनात काय असतं? तर म्हणाला, कोरं. हे संभाषण टल्व्हिंग यांनी १९८५ मध्ये छापलं.

वहिनी, पंधरा सेकंद गप्प आणि मग जरासं हसू. तुम्ही मेसेजमध्ये लिहिलंत तेच ना हे? मी ते वाचलं आणि तशीच उठून स्वयंपाकघरात गेले, नुसती उभी राहिले.

पुढे २००७ साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस (हेच ते, ज्यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पाच रुग्णांना विचारलं, समजा तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत पहुडला आहात, काय दिसतं ते सांगा. आठवायचं काहीच नव्हतं, नुसती कल्पना करायची होती. तरी पाचातल्या चौघांना जमेना. एखाद-दुसरी सुटी गोष्ट सांगता यायची, पण ती एकमेकींना जोडून एक जागा काही तयार होईना. या सगळ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस बिघडलेला होता. कानाच्या पातळीला खोल आत, दोन्ही बाजूंना एकेक, करंगळीएवढा भाग. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला ग्रीक भाषेत तसं नाव पडलं. सुटे भाग जोडून चित्र उभं करणारा सुतार तोच. आणि अल्झायमर सुरुवातीलाच जिथे घाव घालतो त्यातली एक जागाही तीच. पुण्याच्या डॉक्टरांनी आईचा एमआरआय दाखवत जे बोट ठेवलं होतं ना, ते त्याच्यावरच.

मग रुखवत कसं आठवलं? ते प्रसंगाचं आठवणं नव्हे, ते ज्ञान आहे. लग्न म्हणजे काय, त्यात कशानंतर काय येतं, हे आईला साठ वर्षं माहीत आहे, जसं पोळीला पीठ लागतं हे माहीत आहे. ही माहिती मेंदूत वेगळ्या ठिकाणी आणि खूप ठिकाणी पसरून असते, ती उशिरा जाते. ‘लग्नात काय असतं’ ते आईला येतं. ‘या लग्नात मी कुठे असेन’ ते येत नाही. पहिल्या प्रश्नाला पाठांतर पुरतं, दुसऱ्याला स्वतःला उचलून डिसेंबरात नेऊन बसवावं लागतं. दोन्ही प्रश्न तुम्ही एका दमात विचारलेत, म्हणून ती सोंग करते असं वाटलं. दोष तुमचा नाही, कुणालाही तसंच वाटेल.

उलटंही असतं. मी काम करते त्या, विस्मरणाच्या रुग्णांच्या विभागात एक आजोबा आहेत. त्यांना शब्दांचे अर्थ विसरायला लावणारा स्मृतिभ्रंश आहे. चमचा हातात धरून विचारतात, हे काय? पण काल कोण भेटायला आलं, कुठल्या खुर्चीवर बसलं ते बरोबर सांगतात. मला वाटायचं, यांना तरी पुढचं दिसत असेल. नाही दिसत. ‘नाताळात काय करणार’ विचारलं की तेही थांबतात. इथल्याच सिडनीतल्या म्युरिअन आयरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दाखवलं की असे रुग्ण अलीकडचं बऱ्यापैकी आठवतात, पण भविष्य रंगवू शकत नाहीत. म्हणजे नुसत्या तुळया असून भागत नाही, घर म्हणजे काय हेही ठाऊक असावं लागतं. नाताळ या शब्दातलं झाड, जेवण, नातवंडं हे सगळंच गळून गेलं असेल तर माणूस काय उभं करणार?

दादा, तू म्हणशील, आईला कोयनेचा भूकंप कसा आठवतो मग? मीही हेच म्हणायचे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कऱ्हाडचं घर, मामाला काखोटीला मारून ती बाहेर पळाली, फडताळातली भांडी धडाधड पडली. जुनं उशिरा जातं, अलीकडचं आधी, हे खरंच आहे. दहा ते तिसाव्या वर्षापर्यंतचं माणसाला एरवीही जास्त आठवतं. पण जूनमध्ये मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. दर वेळी तेच शब्द, तोच ‘धडाधड’, तिथेच थांबणं. मध्येच मी विचारलं, ‘आई, थंडी होती का गं? अंगावर शाल होती?’ ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. तो प्रसंग आता तिला दिसत नाही. सांगून सांगून त्याची कहाणी झालीये, शुक्रवारच्या कहाणीसारखी, आणि कहाणी तोंडपाठ आहे. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. तरी सांगू दे तिला. शंभरदा सांगू दे. सांगताना तिचा आवाज खणखणीत होतो, तेवढं बास आहे.

आता एक माझं. हे कुणाला बोलले नव्हते.

चौदा वर्षं, दर रविवारी, फोन ठेवताना आई विचारायची, ‘कधी येणार?’ कधी कधी मला राग यायचा. रजा नाही, तिकिटं महाग, मुलांच्या परीक्षा, किती वेळा तेच सांगायचं. या मे महिन्यापासून तिनं ते विचारणं बंद केलं. पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फोन ठेवल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं आणि मग उमगलं. मला वाटलं, रुसली. मग वाटलं, माया आटली. सहा वर्षं हेच काम करणारी बाई मी, रोज दुसऱ्यांच्या मुलींना समजावते, आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत मला कळायला दोन महिने लागले. ‘कधी येणार’ विचारायला मी दारातून आत येतेय हे आधी दिसावं लागतं. बॅग, रिक्षा, पायरीवर चपला काढणं. ते दिसेनासं झालं, म्हणून प्रश्न गेला. माया तिथेच आहे. स्क्रीनवर माझा चेहरा आला की ती हातातला कापूस खाली ठेवते, बघितलंस ना तू?

आमच्या विभागात भिंतीवर एक पांढरा फळा आहे. सकाळच्या पाळीला जी पहिली येते ती त्यावर लिहिते: आज रविवार. हिवाळा. बाहेर ऊन आहे. जेवायला मासे. ‘उद्या’ त्यावर लिहीत नाहीत. नवीन असताना मी एकदा हौसेनं लिहिलं, ‘उद्या बागेत सहल’. एक ग्रीक आजी होत्या, पंचाऐंशीच्या. दुपारी बघते तर कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसल्या आहेत. दर पाच मिनिटांनी उठून दाराची मूठ फिरवायच्या. ‘उद्या’ पुसला गेला होता आणि निघायची घालमेल तेवढी उरली होती. चहा घेतला नाही, जेवल्या नाहीत. संध्याकाळी कोट काढताना माझा हात झटकला. दुसऱ्या दिवशी खरोखर गाडी आली तेव्हा त्या हलल्याच नाहीत.

आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांना चित्रफीत आठवत नव्हती, पण वाईट वाटत होतं ते वाटतच होतं, आणि आनंदाचंही तसंच. प्रसंग जातो, मागे त्याची चव राहते. म्हणून दादा, हात जोडून सांगते, ‘आत्ताच सांगितलं ना तुला’ असं आईवर ओरडू नकोस. ओरडणं ती विसरेल, पण दुपारभर का कोण जाणे घाबरलेली राहील. तू वाईट आहेस म्हणून नाही ओरडत, तू दमलायस. मला कळतं. रात्री तीनदा उठून तिला संडासला नेणारे तुम्ही दोघं आहात, मी इथून पत्र लिहितेय.

लग्नाचं असं करता येईल का बघा. वहिनी, साडीचं पुढचं विचारूच नका. एखाद्या दुपारी तिची हिरवी इरकल आणि ती मोतिया पैठणी, दोन्ही तिच्या मांडीवर ठेवा आणि नुसतं विचारा, ‘यातली कुठली छान?’ हे आजचं आहे, हातात आहे, याला कल्पना लागत नाही. तिची आवड अजून तिची आहे. ती जिच्यावरून हात फिरवत राहील ती बाजूला काढून ठेवा. अंगाला अंग लागून बसल्यावर साडीचा वास घेऊन ती काही बोलली तर बोलू द्या, ‘आठवतं का’ म्हणून परीक्षा घेऊ नका. अण्णा कुठे आहेत विचारलं तर ‘गेले’ म्हणून दर वेळी नवं दुःख देण्यापेक्षा ‘अण्णांना कुठली साडी आवडायची हो?’ असं तिलाच विचारा. मी इथे रोज हेच करते आणि बहुतेक वेळा उपयोग होतो. दर वेळी नाही.

लग्न डिसेंबरात आहे हे तिला रोज सांगू नका. आदल्या दिवशीही नको. त्या दिवशी सकाळी, साडी नेसवताना सांगा. हॉलमध्ये आतल्या बाजूची एक खोली तिच्यासाठी ठेवा, बॅन्डचा आवाज लागणार नाही अशी, आणि एक माणूस पूर्ण वेळ फक्त तिच्याजवळ. ते माणूस मी. अक्षता टाकायला बाहेर आणू, दमली की परत नेऊ.

आणि गणपतीनंतर साताऱ्याला जाऊन बी-१२ आणि थायरॉइड पुन्हा एकदा तपासून घ्या, कानांचंही बघा. मूळ आजार त्यानं जाणार नाही, पण त्यात यांची भर नको. गोळ्या चालू ठेवा. त्या आजार थांबवत नाहीत, पण थोडा आधार देतात. तीन वर्षांपूर्वी पहिल्या डॉक्टरांनी ‘वय झालं, असंच चालायचं’ म्हणून परत पाठवलं ते अजून मला सलतं. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातेक जणांना कुठला ना कुठला स्मृतिभ्रंश आहे, ८८ लाखांच्या आसपास माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मग वाईत आपल्याच आळीत आणखी किती घरांत एखादी आजी ‘बघू, तुम्हीच ठरवा’ म्हणत असेल आणि घरचे तिला हट्टी म्हणत असतील!

सोनू, आता तुला. गेल्या रविवारी तू क्लासला गेली होतीस तेव्हा मी आजीशी अर्धा तास बोलले. बोलले म्हणजे, ती वाती वळत होती आणि मी बघत होते. कापसातली सरकी काढायची, पेळू लांबवायचा, मांडीवर तळव्याखाली एक वळसा, दुसरा वळसा, टोकाला किंचित दूध लावून पीळ द्यायचा, बाजूला ठेवायची. सगळ्या वाती एका मापाच्या. हात काही विसरलेले नाहीत, हातांची आठवण मेंदूत निराळ्या जागी असते. मी विचारलं, ‘आई, एवढ्या वाती कशाला गं?’ ती लगेच म्हणाली, ‘लग्नाला लागतात.’ मी म्हटलं, ‘कुणाच्या लग्नाला?’ ती थांबली. कपाळाला आठी पडली. मग पुन्हा कापूस हातात घेतला आणि म्हणाली, ‘लागतात गं.’

तिनं तोवर सात जुड्या बांधल्या होत्या, लाल दोऱ्यानं. त्या रुखवतात ठेव, बाळा. पापड-कुरडयांच्या पुढे, मध्यभागी ठेव.

माझं तिकीट झालंय, २ डिसेंबरला मुंबईत उतरते, तिथून थेट वाईला येते. दादा, आईला यातलं काही सांगू नकोस. सुरूरच्या फाट्यावर आले की फोन करीन, तेव्हा तिला बाहेरच्या ओट्यावर आणून बसव, ऊन असेल तर पदर डोक्यावरून घे म्हणावं. मी फाटक उघडून येते.

आईला साष्टांग नमस्कार. सोनूला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझी,
बेबी

ता. क. वातींचा कापूस संपत आला असेल तर मंडईतून सरकीचाच आणा. औषधाच्या दुकानातला बंडल तिच्या हाताला चालत नाही, तो निसटतो.